सहा तारा, चार खाने

सबिहानं प्रिंटरमधून कागद उचलायच्या आत रेवणप्पा सरांनी तो ओढून घेतला.

"हे काय?"

"गिटारच्या कॉर्ड, सर. कुठली तार कुठं दाबायची त्याच्या आकृत्या. खालच्या रविकिरणसाठी, सुट्टीत काढल्या."

सर हसले नाहीत. भूकंपानंतरच्या दहा वर्षांत लातूरमध्ये गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि प्रत्येक क्लासवाल्याला शेजारचा क्लासवाला चोर वाटे. देगलूरच्या घड्याळजी निजामोद्दीनची ही मुलगी बी.ए. होऊन इथं आली, ती सरांच्याच क्लासचे पेपर टाइप करी. पेपर फुटल्याची नुसती कुजबुज झाली, तरी शहरात तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"सहा उभ्या रेघा, सहा प्रश्न," सर सगळ्या ऑफिसदेखत म्हणाले. "चार खाने, चार पर्याय. ठिपका म्हंजे उत्तर. फुली म्हंजे सोडून द्या, निगेटिव्ह मार्किंग हाय. मला शिकवतीस?"

त्यांनी उद्याचा पेपर काढून ताडून पाहिला. पहिल्या आकृतीतले दोन ठिपके दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला नेमके बसले.

"बघा! दोन्ही बरोबर!"

"आणि बाकीच्या आकृत्या?" सबिहानं विचारलं.

"त्या फसवायला."

तिनं खाली मोबाइल दुरुस्त करणाऱ्या रविकिरणलाच गिटार घेऊन बोलावलं. भूकंपात भिंत पडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. पुस्तकातल्या कॉर्ड धडधाकट हातासाठी. याला दोन बोटं आणि अंगठ्यात बसतील अशा हव्या होत्या. तो वाजवून बघे, सबिहा संगणकावर कोरलमध्ये ठिपके मांडी, नाही जमलं की सरकवी.

त्यानं तोच कागद समोर ठेवून वाजवलं. सर सुरांकडं कान देतच नव्हते. बोट ठिपक्याच्या जागी पडतं का, तेवढंच वाकून बघत होते. प्रत्येक वेळी पडलं.

"जिथं बोललात तिथंच आता बोला, सर," सबिहा म्हणाली.

"गैरसमज झाला," सर घसा खाकरून म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

तरी पेपर बदललाच. ती नवा टाइप करत असताना सर तिच्या खांद्याशी खुर्ची ओढून बसले, नजर तिच्या हातांवर. शेवटचा प्रश्न संपवून तिनं पर्स उचलली.

"उद्यापासून दुसरं कुणी बघा."

"अगं पोरी, सांगितलं की सगळ्यांदेखत!"

"सांगितलंत, सर. पण खुर्ची कुठं मागं घेतलीत?"