जिनिंगच्या ओट्यावरची मैत्रीण

आज सकाळी अकोल्याच्या बाजारात गुरांना घालायच्या ढेपेच्या पोत्यांवरून सरकीचा तेलकट, उबट वास आला आणि मी खरेदी विसरून उभीच राहिले. त्या वासासरशी जुन्या शहरामागचं, आमच्या शाळकरी वयात बंद पडलेलं, कापसातून सरकी वेगळी करणारं जिनिंग डोळ्यांपुढे आलं. त्या वर्षांत खेड्यांतून कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या होत्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी भरलेलं वर्तमानपत्र उघडताना वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरत. मोठी माणसं त्या रिकाम्या आवाराकडे बघायचंही टाळत. माझ्या मैत्रिणीला मात्र तिथे दिसला तो कापूस टाकायचा लांबरुंद, गुळगुळीत सिमेंटचा ओटा.

ती आमच्या गल्लीतल्या सुतारकाम करणाऱ्या चाचांची लेक. आखातात नोकरीला असलेल्या मामूने तिला स्केटबोर्ड आणला होता, चार चाकांची फळी. दोन महिन्यांत ती मोडली, तेव्हा चाचांनी पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून नवी घडवली. मी दोघींची दप्तरं सांभाळत बसे. ती सुसाट येई, फळीसकट हवेत उडे, आपटे, रक्ताळलेलं कोपर ओढणीने पुसून पुन्हा उठे. स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं. वर्गातसुद्धा बाकाखाली तिचे पाय हलत राहत.

"पोरी, हाडं मोडून घेशीन!" चौकीदार ओरडे.

"मोडली तं जुडतीन, काका!"

पुढे ती बंगळुरूला गेली, स्पर्धा जिंकली, फळ्या बनवणाऱ्या एका कंपनीने तिला पगारावर ठेवलं. मग एका स्पर्धेत गुडघा निकामी झाला. दोन शस्त्रक्रियांनंतर डॉक्टरांनी फळीवर चढायचंच नाही असं बजावलं आणि ती घरी परतली. मी भेटायला गेले, तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी समजुतीने म्हणाले, "जाऊ दे, आता तरी निवांत बस."

ती झटकन वळली. "साऱ्यायनं म्हनलं, म्हनू दे. तू तं पायलं होतं न मले! तू बी काहून असं म्हनून राहिली व?"

मी उठून निघून आले. वर्षभर मी तिच्या घरावरून जायचं टाळलं.

एके दिवशी तिचाच फोन आला. "अमरावतीले पोरीयले शिकवून राहिली मी. ये."

गेले. मैदानात आठ-दहा मुली, आणि कडेने लंगडत फिरणारी ती. एक चिमुरडी घसरून आपटली, तिची आई धावली, तर मैत्रिणीने तिला हाताने अडवलं. "थांबा ताई. उठते ते."

मी हळूच विचारलं, "तुला स्वतःला चढता येत नाही, त्याचा त्रास होत नाही?"

"होते ना. रोज होते." तिची नजर मुलींवरून हलली नाही. "म्हनून तं येनं सुटत नाई माह्यं."

मला शांतता हेच सुख वाटत आलं, म्हणून मी तिच्यासाठीही तेच मागत होते. तिची तगमग मात्र आता त्या मुलींच्या पायांत उतरत होती. तिने काय काय जिंकलं, हे त्यांतल्या निम्म्या जणींना माहीतही नव्हतं. निघताना मी तिची माफी मागितली. तिला ती ऐकू आली की नाही, कोण जाणे. ती चिमुरडी पुन्हा पडली होती, आणि आई जागची हलायच्या आतच उठून उभी राहिली होती.