चार माणसांचा कचरा

चाकणच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी माणसं झोप काढतात, कपडे धुतात, न्हाव्याकडे जाऊन बसतात. रंगराव कॉलेजला जायचे, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पाठीवर कंपनीनं दिवाळीला दिलेली सॅक लावून. हौस वगैरे काही नव्हती हो. वीस वर्षं ज्या स्क्रॅप यार्डात त्यांचा शब्द चालला, तिथं एका बड्या गिऱ्हाइकाकडून ऑडिट झालं आणि टाय लावलेल्या एका पोरसवदा साहेबानं विचारलं, ‘या यार्डवाल्याकडे सर्टिफिकेट कुठलं?’ सर्टिफिकेट नव्हतंच. मग ठरलं की रंगरावांनी कचरा पुनर्वापराचा वर्षभराचा कोर्स करायचा, नाहीतर यार्ड सोडून गेटवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत.

गुरुवारची ही बॅच कंपनीतल्या लोकांसाठीच होती, पण बाकीचे सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. ते रंगरावांना ‘काका’ म्हणायचे आणि तेवढ्यावर सोडून द्यायचे. मधल्या सुट्टीत घोळका वडापावच्या गाडीवर निघाला की रंगराव नोटीस बोर्डापाशी उभे राहून तीच नोटीस परत वाचायचे. प्लास्टिकचा तुकडा फरशीवर आपटून नुसत्या आवाजावरून जात सांगणारा हा माणूस, पण ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी अडतीस मार्क पडले तेव्हा त्यांना कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. शेवटी तळवड्यातल्या, आपल्या खोलीजवळच्या दूधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं. अर्धा लिटरच ना?”

शेवटच्या सहामाहीत प्रोजेक्ट आला. ज्यानं त्यानं आपल्या घरचा कचरा सात दिवस वेगळा करायचा, तोलायचा आणि माणशी किती निघतो ते काढायचं. हा प्रोजेक्ट पास झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. रंगरावांना वाटलं, हे तर आपलं रोजचंच काम. यार्डात टनांनी करतो, इथं ग्रॅमनी करायचं.

पण खोलीत वर्तमानपत्र पसरून त्यावर स्वतःचा कचरा मांडला, तेव्हा त्यांचं मन खट्टू झालं. अर्ध्या लिटरची एक पिशवी. एका कपाच्या चहाचा चोथा. खानावळीच्या पार्सलमध्ये भाजीची एक वाटी, आमटीची एक, लोणच्याची एक पुडी. एका केळ्याचं साल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जगाचं भंगार उलथंपालथं करणाऱ्या रंगरावांना एवढ्याशा ढिगाकडे बघवेना. सात दिवसांचे भरले दोन किलो नऊशे चाळीस ग्रॅम.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘घरातील माणसं’. रंगरावांनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, चार.

यात खोटेपणा काही नव्हता. कामासाठी गाव सोडून आलेल्या माणसाला कुणीही विचारावं, घरात किती जण? तो गावाकडची मोजूनच सांगतो. खोलीत एकटा असला तरी ‘आम्ही एवढे’. हिंगोलीकडच्या त्यांच्या गावात बायको कस्तुरा, मुलगा प्रज्वल, मुलगी पूनम आणि ते स्वतः, असे रेशनकार्डावर चार. बावीस वर्षं हाच आकडा तोंडात बसलेला. आता पूनम परभणीला नांदत होती, प्रज्वल हैदराबादला नोकरीला होता. खरं म्हणाल तर हे चौघं सलग महिनाभरही एका छपराखाली राहिले नव्हते. पण आकडा कोण बदलतो?

पुढच्या गुरुवारी कोर्स शिकवणाऱ्या दिव्या मॅडम वर्गात खूश होऊन आल्या. “सगळ्या वर्गात कमी कचरा रंगरावकाकांच्या घरी! माणशी दिवसाला फक्त एकशे पाच ग्रॅम. येत्या गुरुवारी आपण सगळे त्यांच्या घरी जाऊ. काकूंना विचारू, हे जमवतात कसं.”

टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच पोरं रंगरावांच्या बाकाभोवती जमली. “काका, लई भारी!” म्हणत सुजित नावाच्या मुलानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. चूक त्यांच्या तिथल्या तिथं लक्षात आली होती. पण तो हात खांद्यावर होता, आणि तो निघून जावा असं त्यांना वाटेना.

संध्याकाळी त्यांनी कस्तुराला फोन लावला.

“दोन दिवस ये की इकडं. कॉलेजची माणसं येणार हायती.”

“कशाला?”

“कचऱ्याचं बघायला. घरात माणसं दिसली पायजेत.”

कस्तुरा म्हणाली, “लग्न झाल्यावर दोन साल मी पिशवी भरून ठिवली होती. तुमी म्हणला, खोली लहान हाय. लेकरं झाल्यावर म्हणला, शाळा हिकडंच बरी. सत्तावीस वर्सांत एकदा बोलावलं न्हाई. आता कचरा मोजायला बोलवता व्हय?”

ती चिडून बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली, तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

गुरुवारी वर्ग निघायच्या तयारीत होता. रंगराव मॅडमच्या टेबलापाशी गेले.

“मॅडम, आकडा चुकला. मी एकटाच राहतो.”

“मग चार का लिहिलंत?”

“कुणी विचारलं की चारच सांगतो.”

मॅडमनी कॅल्क्युलेटरवर पुन्हा भागाकार केला. चारशे वीस ग्रॅम. वर्गात सगळ्यात जास्त. “एकट्या माणसाचं असंच होतं काका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सगळं लहान लहान पुड्यांत येतं ना.” वजनं चोख होती, म्हणून त्यांनी प्रोजेक्ट पास केला. यार्ड वाचलं. फक्त आकडा का बदलला त्याचा शेरा त्यांनी लिहून मागितला.

पोरं दारात थांबली होती. सुजित मोबाइलमध्ये बघत होता. आता कुणाच्या घरी जायचं, यावर त्यांची चर्चा सुरू झाली होती.

रंगरावांनी चारवर काट मारली. शेऱ्याच्या जागेवर पेन टेकवलं. कंपनीच्या हजेरीत लिहायची सवय होती तसंच त्यांनी लिहिलं: पटावर चार. हजर एक.