विहिरीतल्या मोटारीची जागा

आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता तेव्हापासून नरसीच्या रस्त्यावर माझं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे माझं काम. सुरुवातीला जळालेल्या मोटारी होळीनंतर यायच्या. पुढे पुढे संक्रांतीच्या आतच दुकानासमोर रांग लागायला लागली. पाणी खाली गेलेलं असायचं, मोटार कोरडीच फिरत राहायची आणि जळायची.

पुसेगावकडच्या एक काकू होत्या. मालक वारल्यावर त्या आणि त्यांची जाऊ, दोघी मिळून शेती करायच्या. विहिरीत खडक कोरून ओटा केलेला होता, त्यावर मोटार बसवलेली. एका वर्षी गहू ऐन पोटरीत, ओंबी बाहेर पडायच्या बेतात असताना काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, मोटार फिरून राहिली, पाणी काही येत न्हाई. मी जाऊन पाहिलं. मोटारीत बिघाड नव्हता. पाणीच तिच्या ओढीच्या खाली गेलं होतं. मी त्यांना आणखी खाली दुसरा ओटा काढायला सांगितलं. त्यांनी दोन माणसं लावून आठ दिवसांत तो काढला, आम्ही साखळीच्या कप्पीनं मोटार खाली सोडली आणि गहू निघाला.

दोन-तीन वर्षं तसंच चाललं. पाऊस मात्र पहिल्यासारखा राहिला नव्हता. पोळ्याच्या सुमाराला महिनाभर गायब व्हायचा आणि सोयाबीन काढायला आलं की धो धो यायचा.

मग एका फाल्गुनात आभाळ भरून आलं. काकूंनी दुपारी जावेला दुकानात पाठवलं. पाणी चढून मोटार बुडायच्या आत ती वर घ्यावी का, असं त्यांनी विचारलं होतं. दुकानात काम पडलेलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, फाल्गुनात विहीर भरंल असा पाऊस कुठं पडतो? राहू द्या."

त्या परत गेल्या. संध्याकाळी गारा पडल्या आणि पुढे दोन दिवस पाऊस लागून राहिला. शेताशेजारचा नाला फुगून विहिरीत शिरला. खालचा ओटा तर बुडालाच, वरचाही बुडाला. गहू ओंब्यांसकट आडवा झाला.

पाणी उतरल्यावर आम्ही मोटार काढली. आत गाळ भरला होता. मी ती दुकानात आणली, उघडली, धुतली, पुन्हा भरली. मोटार घेऊन गेलो तेव्हा काकूंना सरळ सांगितलं, चूक माझी आहे.

बांधावर काळा पडलेला गहू पसरला होता, तो त्या हातानं खालीवर करत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, एवढा पाऊस पडंल हे मलाबी खरं वाटलं नव्हतं. न्हाई तर मी तुमचं ऐकलं नसतं. आता मोटार वर-खाली करायचं आमालाच शिकवा."

मी विहिरीवर लोखंडी चौकट बसवून कप्पी कायमची अडकवून दिली. पाइपाचे बोल्ट कसे सोडायचे, मोटार साखळीला कशी बांधायची, परत बसवल्यावर पाइपात पाणी भरून हवा कशी काढायची, हे दोघींना दाखवलं. पहिल्या वेळी जावेचा पाना विहिरीत पडला. तिसऱ्या वेळी मी नुसता काठावर उभा राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी गहू पेरला नाही. हरभरा पेरला, कारण त्याला फुलोऱ्यात एक पाणी दिलं तरी भागतं. कोणी गहू का सोडला म्हणून विचारलं की काकू म्हणायच्या, खायला इकत घेऊ.

त्यांचं पाहून आसपासच्या चार-पाच विहिरींवर मी तशा चौकटी बसवल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाऊस फारच कमी झाला. विहिरी अर्ध्याही भरल्या नाहीत, मोटारी वर घ्यायची वेळ कोणावरच आली नाही. दिवाळीनंतर काकूंच्या जाऊबाई साखळीला लावायला ग्रीस न्यायला म्हणून दुकानात आल्या. म्हणाल्या, मोटार खालच्याच ओट्यावर हाय, पण साखळी गंजून चालायची न्हाई.