मामांचं दरडोई

अमेरिकेतल्या शहरांवरच्या कर्जाचा मनापासून संताप येणारा माणूस खुद्द अमेरिकेत तरी असेल की नाही, याची मला शंका आहे. आमच्या वसमतमध्ये मात्र तो आहे, आणि नात्याने तो माझा मामेसासरा लागतो. मामांचा हळदीचा व्यापार. लेक शिकागोला दिली, तेव्हापासून कुठल्या शहरात माणशी किती सरकारी कर्ज पडतं हे ते मोबाइलवर वाचू लागले, आणि शिकागो, न्यूयॉर्क, ह्यूस्टन अशी एकेक करून सगळी शहरं त्यांच्या तावडीत सापडली. हळदीचा लिलाव ऐन रंगात आलेला असताना ते शेजारच्याला ढोसून म्हणत, "न्यूयॉर्कवाल्यांना लाजच न्हाई. दरडोई बघा, दरडोई!" शेजारच्याला वाटे, हळदीचा नवा भाव फुटला. एकदा पुतणीला न्यूयॉर्कच्या मुलाचं स्थळ आलं. मामांनी पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही, एकदम म्हणाले, "डोक्यावर कर्ज केवढं?" मुलाचे वडील गांगरले. "नाही हो, आमचं पोरगं निर्व्यसनी आहे." मामा कडाडले, "पोराचं न्हाई, गावाचं विचारून राहिलो!" पाहुणे चहा न घेताच उठले.

मग शिकागोत मामांना नात झाली. घरात पेढे वाटणं चाललं होतं आणि मामा अंगणात येरझारा घालत होते. "लेकरानं अजून डोळे बराबर उघडले न्हाईत, आन् ह्या शिकागोवाल्यांनी तिच्या नावावर कर्जाचा वाटा मांडून ठेवला!" व्हिडिओवर जावई दिसताच ते तुटून पडले. "जावईबापू, असल्या शहरात काहून राहता? ह्यूस्टनला जा, तिथं कमी हाय." जावई समजावू लागला, "मामा, ते पैसे शाळांना, पाण्याच्या नळांना लागतात. बाळाकडे वसुलीला कोणी येत नाही."

"येत न्हाई, मंग तिला मोजता काहून?"

लेकीने बाळ कॅमेऱ्यासमोर धरलं. बाळाने जांभई दिली. मामांनी मोबाइल चष्म्याला टेकेल इतका जवळ नेला.

"एकदा आपल्या वसमतचं दरडोई बी बघा," ते म्हणाले. आवाज पार उतरला होता. "इथं तिच्या डोक्यावर काईच येऊ देणार न्हाई मी."

पलीकडे लेक खाली मान घालून बाळाचं टोपडं नीट करत राहिली.