भावजयीचा फाळका

पेठजवळ हायवेला आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. टाक्या, टेम्पोची टपं, गुरांच्या गव्हाणी, सांगाल ते करून देतो. तयार मालावर मी रुपयाचं नाणं वाजवत जातो. थर नीट चिकटले असतील तर आवाज खणखणीत येतो, आत हवा राहिली असेल तर बद्द. वडील कुठलाही माल माझ्या कानाशिवाय बाहेर सोडत नाहीत. माझ्यासारख्या बारावी नापास माणसाकडे मिरवायला तेवढंच होतं.

मग धाकट्या भावाचं लग्न झालं आणि डिप्लोमा केलेली भावजय वर्कशॉपात येऊ लागली.

भंगारवाल्याकडून आणलेली कापडाची भेंडोळी मी शेडमागे टाकून दिली होती. रेझिन आधीच मुरवलेलं भारी फायबरचं कापड, पण औषधासारखी त्यालाही तारीख असते. ती उलटली की कंपन्या फेकून देतात. मी दोनदा करून बघितलं, थराला थर चिकटेना. तिने तीच भेंडोळी झटकून आत आणली आणि कुठूनसं एक जुनं अल्ट्रासोनिक मशीन मिळवलं. त्याचा दांडा थरांवरून इस्त्रीसारखा फिरवायचा. त्या थरथरीने कडक होत आलेलं रेझिन मऊ पडतं, हवा निघून जाते, थर एकजीव होतात. मग भट्टीत घालून पक्कं करायचं. मशीनचा आवाज म्हणे माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. तिने हे अगदी सहज सांगितलं, पण मला ते झोंबलं.

वडिलांचं तर विचारूच नका. आल्यागेल्याला सांगायचे, "लई वर्षं ह्या धंद्यात हाय राव, पर मेलेल्या मालात जीव आमच्या सुनंनंच घातला." माझ्याबद्दल ते असं कुणाला बोलल्याचं मला आठवत नाही. मी जळत होतो. घरी बायकोने जेवायला वाढलं तरी तिच्यावर खेकसत होतो.

बेल्ह्याच्या बाजारात गुरं नेणाऱ्या एका व्यापाऱ्याला टेम्पोला मागून लावायला हलका फाळका हवा होता. भावजयीने तो त्याच कापडाचा केला. हा पास झाला तर पुढचं सगळं काम तिच्या पद्धतीने करायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं.

मी नाणं वाजवत गेलो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खणखणीत. इतका चांगला आवाज माझ्या मालातून कधी निघाला नव्हता.

"मधी पोकळ हाय," मी म्हणालो.

वडिलांचा चेहरा उतरला. "मग न्हाई द्यायचा," म्हणून ते बाहेर गेले.

मला वाटलं, आता ही भांडेल, कापून दाखवा म्हणेल. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. "दादा, मला न्हाई कळलं ओ. कुटं ते दावा ना, म्हंजी परत चूक व्हणार न्हाई."

मी मधोमध कुठेतरी बोट ठेवलं. तिने माझ्याकडून नाणं घेतलं, तिथे वाजवलं, शेजारी वाजवलं, पुन्हा तिथे. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली.

मग म्हणाली, "हां दादा, आलं ऐकू."

आणि उठून तिने मशीनचा प्लग काढून ठेवला. मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.