राखाडी पँटीवर काळे मोजे

मंडळी, लग्नाचा आहेर खिशात आहे आणि मी अजून घरातच बसलोय. का, ते सांगतो.

उमरग्याला मित्राच्या मुलाचं लग्न होतं. राखाडी पँट, काळे बूट, म्हणून मोजेही काळेच चढवले. कोण बघतंय?

दारात काका बसले होते. माझे थोरले चुलते, नव्वदीला टेकलेले. त्यांना आता अजिबात दिसत नाही.

मी जवळून गेलो तसे म्हणाले, "आबा, काळे कशाला घातले? मोजे पाटलोणीच्या रंगाचे पायजेत. बूट तर भायेरच काढायचेत."

दिसत नसताना यांना रंग कळला कसा? आबा म्हणजे माझे आजोबा, काकांचे वडील. निजामाच्या राज्यात ते कळंबच्या कचेरीत कारकून होते. साहेबापुढं जाताना बूट जाजमाबाहेर काढायचे, म्हणजे साहेबाला दिसायचे ते मोजेच. त्यामुळं मोज्यांच्या बाबतीत आजोबा लई काटेकोर. एक दिवस कचेरीत गेले ते परत आलेच नाहीत. काय झालं, कुणालाच कळलं नाही.

वाद न घालता मी आत जाऊन राखाडी मोजे घालून आलो. तर दारातले माझे बूट गायब!

काकांनी ते छातीशी घट्ट धरले होते.

"नका जाऊ, आबा. मागनं नुसते बूटच घरी येत्यात."

आजोबांचे बूट घरी आले होते, हे आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

लग्न केव्हाच लागलं असेल. मी काकांच्या शेजारी नुसत्या मोज्यांनिशी बसून हे लिहितोय. तुम्ही असता तर त्यांच्या हातातून बूट काढून घेतले असते का?