कडूबाची घागर

आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर सांजोरी नि आंबा ठेवतात, आणि नात्यातला एक पुरुष पितर म्हणून पाटावर बसवून त्याला पोटभर जेवू घालतात. सोनाळ्यात हे न करणारं एकच घर होतं, तानुबाईचं. ती नवऱ्याची घागर भरत नव्हती. उलट कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू लावून गावभर हिंडत होती, आणि बायका तिच्या पाठीमागे नाकं मुरडत होत्या.

तिचा नवरा कडूबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत होता. बगदाद घ्यायला निघालेली ती पलटण मार खाऊन मागे फिरली आणि दजला नदीच्या काठी कूत नावाच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. पुढे कूत पडलं, आतले सगळे कैद झाले. लढाई संपली, कैदी सुटून आपापल्या गावी आले, कडूबा आला नाही. सरकारने तो मेला म्हटलं नाही, जिवंत आहे असंही म्हटलं नाही. माणूस गेला की हरवला, एवढंसुद्धा सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

कडूबाचा आतेभाऊ रंगराव मात्र आला. कूत सोडवायला गेलेल्या फौजेत तो होता. एक पाय अधू झाला होता, तोंड शाबूत होतं. रोज संध्याकाळी पारावर बैठक जमायची आणि तीच एक सकाळ पुन्हा उजाडायची.

"रातभर चालून पहाटे पोचलो आमी, मास्तर. समोर तुरकाचे खंदक, अन् खंदकात चिटपाखरू नाई. कूत तिथून तीन-चार कोस. तसेच घुसलो असतो त कूत सुटलं असतं, बगदाद पडलं असतं, दोन सालं आंधी लढाई संपली असती. पण हुकूम आला, थांबा, तोफा लागू द्या. तोफा लागतवरी तुरुक येऊन बसले."

शाळेतले लक्ष्मीकांत मास्तर मान हलवायचे. "लढाईचा निकाल तिकडे विलायतेकडे लागायचा होता, रंगराव. एक कूत सुटून काय झालं असतं?"

वाद तंबाखू संपेपर्यंत चालायचा. पाराच्या मागेच विहीर होती. तानुबाई दोर हातात धरून ऐकत राहायची. बगदादशी तिला काय करायचं होतं? तिला एवढंच कळत होतं की ती सकाळ अजून संपलेली नाही, कडूबा भिंतीआड वाट पाहतो आहे, आणि वाट तेवढी उघडायची राहिली आहे. रंगरावाच्या त्या 'असतं'वर ती कुंकू लावत होती.

सासू सत्यभामाबाईचं तसं नव्हतं. म्हातारीच्या मनाने लेक गेल्याचा कौल केव्हाच दिला होता. "त्याले पानी दे वं," ती दर आखजीला सुनेच्या विनवण्या करायची. "माहा लेक तहानेला असंल."

"जित्या माणसाची घागर भरू काय, मामी?" तानुबाई सासूवर तडकून म्हणायची. थंडीत म्हातारी गेली. शेवटच्या दिवसांत शुद्ध नव्हती, तरी तोंडात 'त्याले पानी दे' एवढंच होतं.

फाल्गुनात एकदा वाद चढला. मास्तर म्हणाले, "आत माणसं उपाशी होती. वेढा उठला असता तरी अर्धी मेलीच असती."

रंगराव उसळला. वाद हरणं त्याला ठाऊक नव्हतं. "कुतात नाई मेले, मास्तर. मेले ते पुढं, कैदेत, चालू चालू. कडूबा रस्त्यातच बसला, उठला नाई. मले त्याच्या संगच्या कैद्यानं सांगतलं, सुटून आला तवाच. त्या सकाळी घुसलो असतो त त्याले तो रस्ता चालाचं कामच नव्हतं. आता बोला."

रंगराव जिंकला होता. विहिरीवर दोर सुटला आणि बादली खाली गेली.

तानुबाई रडली नाही, भांडली नाही. घरी गेली आणि कुंकू पुसलं. आखजीला कुंभाराकडून तिने दोन घागरी आणल्या, एक सासूची, एक कडूबाची. पितर म्हणून बसायला बोलावणं गेलं रंगरावाला. नाही कसं म्हणणार? जवळच्या नात्यातला तोच होता.

तो पाटावर बसला. तिने पुरण वाढलं, आमरस वाढला, पुन्हा वाढला. रंगराव हात आडवा करून म्हणाला, "पुरे वहिनी, पोट भरलं."

"तुमचं कोण पुसते भाऊजी? मी त्यायले वाढून राह्यली. ते उपाशी गेले."

शेजारची माणसं भिंतीला टेकून बसली होती. रंगरावाने खाली पाहून घास घेतला. मग तो म्हणाला, "वहिनी, त्या सकाळी आमाले हुकूमच नव्हता."

"हाव, नव्हता," तानुबाई म्हणाली. "तो साहेबाचा होता. मले सांगाले कोणाचा हुकूम लागत होता? बुढी पानी पानी करत गेली."

तिने वाटी पुन्हा भरली. पितराने ताटात टाकायचं नसतं. रंगराव खात राहिला.